दसऱ्याच्या पाटावरचं पिस्तूल

प्रिय दादा,

आठवतं तुला, दिवाळीत बाबा आपल्या दोघांना टिकल्यांची पिस्तुलं आणायचे? पत्र्याची, चंदेरी मुलाम्याची. आत लाल टिकल्यांची गुंडाळी सरकवायची. माझी गुंडाळी पहिल्याच सकाळी संपायची आणि तुझी भाऊबीजेपर्यंत तशीच्या तशी. तू गॅलरीच्या दारात उभा, दोन्ही कानांत बोटं, डोळे गच्च मिटलेले. मला म्हणायचास, "बेबी, माझ्यापण तूच उडव, मी इथून बघतो." डोळे मिटून काय बघायचास रे? आई कपाळाला हात लावायची. "हा मोठेपणी हाडं कापणार म्हणे, आणि टिकलीला भितो!"

हे आत्ता लिहितेय, कारण मागच्या शनिवारी तुझ्या घरात पिस्तूल सापडलं. टिकल्यांचं नव्हे, दादा. खरं. सैन्यातलं. इथे इंग्लंडात, बेसिंगस्टोकमध्ये, तुझ्या स्टडीत, बाबांच्या पेटीत!

तू जाऊन वर्ष व्हायचंय. वाटलं होतं, वर्षश्राद्धाच्या आधी शांतपणे तुझं घर आवरावं, तुझे स्वेटर घड्या करावेत, थोडं रडावं. पण तू रडूसुद्धा दिलं नाहीस. नुसता धक्का दिलास. आणि ज्याला विचारायचं, तोच नाही. म्हणून हे पत्र. दुसरं काय करू?

इराला बाबांची ऑपरेशनची अवजारं हवी होती. केंब्रिजला मेडिसिन शिकतेय ना तुझी नात, तिच्या खोलीत ठेवायची म्हणते. नील म्हणाला, "आत्या, तू पेटी साफ करून देशील?" तो वर तुझी पुस्तकं खोक्यांत भरत होता. मी गालिच्यावर मांडी घालून बसले, पेटी पुढ्यात घेतली. वरच्या ट्रेमध्ये सगळं होतं, जसं तू एकदा दाखवलं होतंस तसं. चिमटे, कात्र्या, ती छोटी करवत. पुसता पुसता ट्रेच्या कोपऱ्यातल्या कडीत बोट अडकलं आणि अख्खा ट्रे वर आला. खाली आणखी एक कप्पा! मला कधी माहीतच नव्हतं.

त्यात काय होतं? माझं दुपटं.

आईच्या जुन्या मऊ साडीचं, कडेला पिवळी बदकं. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी शिकवलेला एकूण एक टाका मी त्या बदकांवर घातला होता आणि नीलच्या जन्माच्या आधी पुण्याहून पोस्टानं तुम्हाला पाठवलं होतं. इतकी वर्षं जपून ठेवलंस! माझे डोळे भरून आले. गालाला लावायला म्हणून मी ते उचललं. ते जड लागलं. आणि त्यातून ते काळं धूड माझ्या मांडीवर पडलं.

मी अशी किंचाळले की नील जिन्यावरून हातात सेलोटेप घेऊन धावत आला. मी धडपडून उठले, उठताना पेटीला पाय लागला आणि मी काय करावं? वाकून नमस्कार केला. पिस्तुलाला! नील बघतच राहिला. आणि मग माझ्या लक्षात आलं की हा काही माझा त्याला पहिला नमस्कार नव्हता.

दादा, किती दसरे झाले तुझ्या घरी! खंडेनवमीचं पूजन तू दसऱ्यालाच उरकायचास, सगळ्यांना सवड असते म्हणून. पाटावर लाल वस्त्र, त्यावर डॉक्टर मंडळींचे स्टेथोस्कोप, पोरांचे लॅपटॉप, कुणाच्या गाडीच्या किल्ल्या, वहिनीचा मिक्सर, आणि मधोमध बाबांची पेटी. तिची पूजा तू सकाळीच स्टडीचं दार लावून एकट्यानं करायचास. मग ती बंद करून पाटावर आणायचास. "उघडायची नाही हं कुणी, आत धार आहे." आम्ही सगळे हळदकुंकू वाहायचो, तुझ्या बागेतल्या त्या आपट्यासारख्या पानांच्या झाडाची पानं वाहायचो, डोकं टेकवायचो. मंडळातले आपले पाटणकर काका, मॅजिस्ट्रेट, कोर्टात बसून लोकांना शिक्षा सुनावणारे! तेही सूट सांभाळत वाकायचे. त्यांना कळलं असतं तर? तुला हसू कसं आवरायचं रे? की येत नव्हतं हसू?

"आत्या, डोन्ट टच इट! बिलकुल हात लावू नकोस!" नील पांढराफटक पडला होता.

"अरे, माझ्या मांडीवर पडलं ते. आता काय राहिलंय?"

"तुला कळतं का, हँडगन घरात ठेवणं म्हणजे काय? वॉर्निंग नाही, फाइन नाही. जेल. सरळ जेल."

"पण आपण कुठे ठेवलंय?"

"घर कुणाच्या नावावर आहे आता? माझा!" तुझ्या लेकाचं मराठी घाबरला की जास्तच बिघडतं. "मी शाळेत डेप्युटी हेड आहे, आत्या. गेल्या महिन्यात मी नाइफ क्राइमवर असेंब्ली घेतली. नाइफ! आणि माझ्या बाबाच्या घरात..."

मग त्याला इंटरनेटवर एक आशेचा किरण दिसला. पिस्तूल फार फार जुनं असेल, ज्याच्या गोळ्याच आता मिळत नाहीत असं, तर ते नुसती पुराणवस्तू धरतात. कायदा त्याच्या वाटेला जात नाही. म्हणजे प्रश्न एवढाच, त्याचं वय काय?

डोळ्यांसमोर आण. तुझं स्वयंपाकघर. टेबलावर वहिनीचा जुना टेबलक्लॉथ, त्यावर पिस्तूल. नीलच्या हातांत भांडी घासायचे पिवळे ग्लोव्हज. मी माझं भरतकामाचं भिंग घेऊन टेबलापासून हातभर लांब. लॅपटॉपवर जुन्या पिस्तुलांच्या शौकिनांची वेबसाइट. तिथले लोक काय प्रेमानं लिहितात रे! एकेका खुणेवर पानंच्या पानं, जसं आपल्याकडे जुन्या पैठणीच्या काठाबद्दल बायका बोलतात. हा शिक्का अमक्या कारखान्याचा, हा मुकुट तपासनिसाचा, हा आकडा तमक्या मॉडेलचा.

"कोपऱ्यात बघ," मी म्हटलं, "कावळ्याच्या पावलासारखं काहीतरी आहे."

"ब्रॉड ॲरो," नीलनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "म्हणजे सरकारी माल. आर्मीचा. आणि हे अक्षरं लाल का आहेत?"

खरंच लाल होती. प्रत्येक खोदलेल्या अक्षरात, आकड्यात, बाणात लाल रंग बसलेला. म्हणून तर माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना चटचट वाचता येत होतं. आणि चापाच्या वर, लाल अक्षरांतच, एक साल होतं. महायुद्धातलं.

नील खुर्चीवरून उठलाच. "आत्या! आजोबा वॉरमध्ये होता ना?"

होते की! बाबा ऐन विशीत मिलिटरी हॉस्पिटलचे डॉक्टर म्हणून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले होते. आम्ही दोघं एकदमच बोलायला लागलो. म्हणजे हे बाबांचं! युद्धावरून आणलेलं. बाबा गेल्यावर पेटीबरोबर तुझ्याकडे आलं, आणि तू कुणाला भीती वाटू नये म्हणून बोलला नाहीस. किती तुझ्यासारखं! मी रडले, हसले, चहा केला. नील पिवळे ग्लोव्हज घालूनच चहा प्यायला. अख्खी संध्याकाळ ते पिस्तूल आपल्या घरचं होतं, दादा. मी त्याच्याकडे मायेनं बघत होते.

पण वेबसाइट सांगत होती की युद्धातलं म्हणजे पुराणवस्तू धरण्याइतकं जुनं नाही. कायद्याच्या हिशेबानं ते अजून तरुणच. नीलचा चेहरा पुन्हा पडला.

"मी कालव्यात टाकून येतो," तो एकदम म्हणाला. "सकाळी. वॉकला जातो तसा."

"आणि इराला काय सांगशील?"

"काहीच नाही. तिला माहीतच नाही ना."

"नील, तुझ्या आजोबांचं पिस्तूल चोरासारखं पाण्यात टाकायचं? बाबांचं आहे तर लाज कसली? पोलिसांना फोन कर. सांग, आजच सापडलं, आज कळवतोय."

म्हणजे बघ, मीच फोन करायला लावला. बाबांचं आहे या भरवशावर.

दुसऱ्या दिवशी दोघंजण आले. एक तरुण हवालदार, आणि त्याच्याबरोबर मिसेस डॉसन म्हणून एक बाई, पोलिसांसाठी हत्यारं ओळखण्याचं काम करणाऱ्या. माझ्याच वयाच्या, गळ्यात चष्मा. हवालदारानं माझं नाव विचारलं, तेवढ्यात नील ओरडला, "बेबी आत्या, किल्ली कुठेय?" त्यानं वहीतून मान वर केली. "बेबी?" मी म्हटलं, "सत्तरी गाठली तरी." तो बिचारा लाजला.

मिसेस डॉसननी आधी आत गोळ्या नाहीत याची खात्री केली. मग डोळ्याला छोटं भिंग लावून त्या नीट बसल्या, आणि पहिलं काय विचारावं? "तुमचे भाऊ संग्राहक होते का? शिक्के उठून दिसावेत म्हणून शौकीन लोक असा लाल रंग भरतात. पण इतकं सुबक काम मी फार कमी वेळा पाहिलंय."

नील माझ्याकडे बघायला लागला. "दॅट्स... अं... रिलिजस."

मी सांगितलं. दसरा म्हणजे काय, अवजारांची पूजा म्हणजे काय, कुंकू म्हणजे काय. ज्या वस्तूवर आपलं पोट चालतं तिचे वर्षातून एकदा आभार मानायचे.

"म्हणजे तुम्ही याची प्रार्थना करत होता?"

"आम्हाला वाटायचं, आत कात्र्या आहेत."

त्या मोठ्यांदा हसल्या. माझ्याकडे बघून लगेच थांबल्या. भल्या बाई होत्या. मला मात्र तेव्हा कळलं की स्टडीचं दार लावून तू दर वर्षी खालचा कप्पासुद्धा उघडत होतास. आपल्या हातानं त्याला कुंकू लावत होतास.

मी मोठ्या अभिमानानं बाबांची गोष्ट सांगायला घेतली. ब्रह्मदेश, मिलिटरी हॉस्पिटल, सगळं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मग हळूच पिस्तूल फिरवून एक खूण दाखवली. तीच कावळ्याची पावलं, पण दोन, टोकाला टोक लावून समोरासमोर. आम्हाला ते फूल वाटलं होतं.

"एक बाण म्हणजे सैन्याचं. असे दोन समोरासमोर म्हणजे सैन्यानं ते विकून टाकलं. सरप्लस. तिथून पुढे ते खासगी मालकीचं झालं." मग त्यांनी नळीखालची टिकलीएवढी गोल खूण दाखवली, तिच्यात एक अक्षर. "बाजारात विकण्याआधी इथेच, इंग्लंडमध्ये, त्याची सरकारमान्य चाचणी झाली. त्या वर्षाचं हे अक्षर." फोनवर कोष्टक काढून त्यांनी पडताळलं आणि साल सांगितलं.

नील म्हणाला, "त्या वर्षी मी जन्मलो."

बाबांना जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती, दादा. मी शाळेतच होते ते गेले तेव्हा. त्यांनी हे पिस्तूल कधी डोळ्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ते इंग्लंडमध्येच होतं. तू आणलंस. तू! टिकल्यांना कानात बोटं घालणारा माझा दादा. नील जन्मल्यानंतर कधीतरी, कुणाकडून तरी, चोरून. आणि नीलच्या दुपट्यात गुंडाळून ठेवलंस.

मी उठून उगाचच चहाचं पाणी ठेवलं.

मिसेस डॉसन नळीत टॉर्च मारून बघत होत्या. "हे काय आहे?" त्या म्हणाल्या. "आत काहीतरी भरलंय. पिवळट पांढरं. दगडासारखं. मी असं कधी पाहिलेलं नाही."

नीलनं डोकावलं आणि तो हसायला लागला, दादा, ते रडण्यासारखं हसू. "बोन सिमेंट! बाबाचं बोन सिमेंट. आत्या, बाप्पाचा हात!"

गुडघे बदलताना वापरायचं तुझं ते सिमेंट! नीलच्या मुंजीच्या वर्षी गणपतीचा हात तुटला होता, आणि तू हॉस्पिटलमधलं मुदत संपलेलं पाकीट आणून स्वयंपाकघरात कालवलं होतंस. सगळ्या घरात तो उग्र वास. वहिनी खिडक्या उघडत ओरडत होती, "अहो, बाप्पाला ऑपरेशनला घेताय की प्रतिष्ठापनेला?" तोच पिवळट रंग. बाप्पाच्या मनगटावर अजून दिसतो. त्याच वाटीतलं उरलेलं होतं का, दादा? बाप्पाचा हात जोडलास आणि मग दार लावून याची नळी बुजवलीस? म्हणजे नील पाळण्यात होता तेव्हापासून मुंजीपर्यंत ते चालतं पिस्तूल होतं! तू त्याच्याच छताखाली झोपत होतास. आणि त्या दिवशी असं काय झालं की आता नको वाटलं?

मिसेस डॉसन म्हणाल्या की अशा घरगुती बुजवण्याला कायदा मानत नाही, त्यामुळे ते त्यांना न्यावंच लागेल आणि ते वितळवलं जाईल. पण सापडताच कळवलं म्हणून नीलवर काही होणार नाही, तसं त्यांनी हवालदारासमोर स्पष्ट सांगितलं. नील जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला, दोन्ही हातांत डोकं धरून. जाताना त्या दुपट्याची घडी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "बदकं फार छान आहेत."

पण नील एवढंच विचारत राहिला, "आत्या, व्हाय? त्या वर्षी काय झालेला?" मला काय माहीत? मी तेव्हा पुण्यात होते. वहिनीही आता नाही. तुझे त्या वेळचे मित्र बहुतेक गेले. मग मालतीताई आठवल्या. वहिनीची मैत्रीण, हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये तुमच्या शेजारी राहायच्या त्या. आता आमच्या स्टॅनमोरलाच मुलीकडे असतात. पाठीनं वाकल्यात, पण जीभ तशीच आहे.

मी त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "फटाका."

"काय?"

"नोव्हेंबरातला. इथे नाही का उडवत? कुणीतरी दाराच्या लेटरबॉक्सच्या फटीतून आत टाकला. पेटवून. बाळ हॉलमध्ये प्रॅममध्ये झोपलं होतं."

दादा.

"प्रॅमचं छत जळलं. पोराला नखभर काही झालं नाही, देवाची कृपा. पण तुझी वहिनी महिनाभर बोलली नाही नीट. पोलिस म्हणाले, पोरांचा वात्रटपणा. दुसऱ्या आठवड्यात दारावर आपल्या लोकांबद्दल रंगानं लिहून गेले, ते मी सांगत नाही तुला काय ते."

"मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

"तुझ्या दादानं शपथ घातली होती आम्हाला. तुझं इथलं स्थळ ठरत होतं ना तेव्हा! म्हणाला, बेबीला कळलं तर ती यायची नाही, आणि आईला कळलं तर ती मलाच परत बोलावेल. अगं, आम्ही सगळ्याच अशी पत्रं लिहायचो. थंडी फार आहे, माणसं चांगली आहेत."

"आणि पिस्तूल?"

"त्यातलं मला नाही माहीत गं बाई. खरंच नाही. तुझ्या वहिनीलाही नसेल. तिला माहीत असतं तर मला दुपारच्या चहाच्या आत कळलं असतं."

तिथून परत येताना मी बसमध्ये तुझ्याशी भांडत होते. शेजारचा मुलगा कानातलं काढून बघायला लागला, एवढी पुटपुटत होते.

मी पहिल्यांदा तुझ्या घरी आले तेव्हा दाराच्या लेटरबॉक्सला आतून फळी ठोकलेली होती. मी चेष्टा केली होती, "दादा, पोस्टमनशी भांडण झालंय का रे?" तू म्हणालास, "थंड वारा येतो गं." तू कायम खाली सोफ्यावर झोपायचास. "हॉस्पिटलचा फोन येतो, वहिनीची झोपमोड नको." रिटायर झाल्यावर कुठला फोन यायचा? तरी तू खालीच! आणि वहिनी पुढच्या खोलीत कधी बसायची नाही. मला वाटायचं, सोफ्याची कव्हरं जपते. मी तिला चिडवायचेसुद्धा. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला वाऱ्याची, फोनची, कव्हरांची कारणं पुरली!

माझा राग पिस्तुलाचा नाही. खरं सांगते, कुणी माझ्या बाळाच्या प्रॅमवर जळता फटाका टाकला असता, तर मी काय आणलं असतं, देव जाणे. पण तू, ज्या माणसाला आवाज सहन होत नव्हता, तो हे उशाशी घेऊन रात्रभर दाराकडे कान लावून पडून राहायचा? वापरलं असतंस? चापसुद्धा ओढवला नसता तुला. हे तुलाही माहीत होतं ना? मग ते कुणासाठी होतं? स्वतःला सांगायला की मी काहीतरी केलं?

माझा राग याचा, की तू एकटा घाबरलास. वहिनी शेजारी होती, मी पुढे दोन तासांवर होते, आणि तू भीती ट्रेखाली ठेवून वर चिमटे रचलेस. आम्ही डोकं टेकवत होतो तेव्हा तू काय मागत होतास?

आणि गंमत बघ. इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात बसमध्ये एक माणूस माझ्या साडीवर थुंकला होता. मी घरी येऊन ती धुतली, आणि संध्याकाळी तुझा फोन आला, "कशी आहेस बेबी?" मी म्हटलं, "मजेत! माणसं फार चांगली आहेत इथली." तुला काळजी नको म्हणून! दोघंही एकमेकांना पुण्याला पाठवायची पत्रं वाचून दाखवत होतो, दादा.

चांगली माणसं होतीच. तुझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं तुझ्या कुंपणाचं हेज वर्षानुवर्षं कापलं, तुझ्या अंत्यसंस्काराला तो पेशंट लोकांबरोबर उभा राहून रडला. हेही खरं. पण नीलनं मला काल सांगितलं की मागच्या एका उन्हाळ्यात केंब्रिजमध्ये दंगे होणार म्हणून अफवा होती, तेव्हा त्यानं इराला फोन केला होता, दोन दिवस कॉलेजबाहेर पडू नकोस. मला त्यानं ते सांगितलं नव्हतं. "तू उगाच वरी करशील, आत्या." तुझाच लेक! मी त्याला म्हटलं, "मूर्खा, वरी करायलाच आत्या असते."

तर आता वचन देते, ऐक. यंदाचा दसरा स्टॅनमोरला, माझ्याकडे. पेटी पाटावर उघडी असेल, दोन्ही कप्पे सगळ्यांना दिसतील असे. खालचा रिकामा का आहे, ते मी इराला आणि मंडळातल्या पोरांना माझ्या तोंडानं सांगेन, पाटणकर काकांसमोर. तुझं नाव खाली जाईल असं तुला वाटत असेल, तर वाटू दे. मला तसं वाटत नाही. आमचे हे म्हणाले, "नक्की सांगणार आहेस?" मी म्हटलं, नक्की.

आणि वाटणी अशी, नीलशी बोलून ठरवलेली. तुला काही वेगळं हवं असेल तर स्वप्नात येऊन सांग, नाहीतर हेच.

बाबांची पेटी आणि वरची सगळी अवजारं इराला. बाप्पा नीलकडे, मनगट आहे तसंच ठेवायचं, रंग द्यायचा नाही. दुपटंही त्याचंच, त्यानं धुवायला नाही म्हटलंय. वहिनीची मोत्यांची कुडी मालतीताईंना, शपथ एवढी वर्षं पाळली म्हणून. बोलणंही ऐकवलंय मी त्यांना, पण कुडी द्यायचीच. तुझे स्टेथोस्कोप हॉस्पिटलच्या नव्या मुलांना. तो सोफा मात्र कुणालाच नाही. तो मी स्वतः कौन्सिलच्या टिपवर, त्या कचरा टाकायच्या जागी, नेऊन टाकलाय, नील गाडी चालवत होता आणि मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

घर केरळच्या एका जोडप्यानं घेतलंय. दोघंही नर्स, तुझ्याच जुन्या हॉस्पिटलात. तिला सहावा महिना लागलाय. बघायला आली तेव्हा पुढच्या खोलीत उन्हात उभी राहून तिनं मला विचारलं, "आंटी, एरिया कसा आहे?" मी काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही. तेव्हा मला हे काही माहीत नव्हतं.

किल्ल्या तिच्या हातात मीच देणार, एजंट नाही. चहा पाजेन आणि खरं काय ते सगळं सांगेन, फटाक्यासकट, हेज कापणाऱ्या म्हाताऱ्यासकट. किल्ल्यांच्या जुडग्याला माझा फोन नंबर बांधलाय. रात्री-अपरात्री केव्हाही, एवढं त्यावर लिहिलंय.

तुझी,
बेबी